कबुतरांची दादर

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या चौकातली कबुतरं बावीस वर्षं अमळनेर तालुक्यातली दादर खात होती. दादर म्हणजे खानदेशात रब्बीला येणारी ज्वारी. काळ्या जमिनीतली, थंडीच्या दवावर पोसलेली. तिच्या भाकरीसाठी तिकडची माणसं परगावी गेली तरी हळहळतात. सुरतेत वाण्याकडे पक्ष्यांसाठी वेगळी, हलकी जुवार मिळते. कलाबाईंच्या डब्यातली हलकी नसायची. त्यांचा धाकटा भाऊ बन्सीलाल दर फाल्गुनात स्वतः पाखडून गोणी भरायचा आणि इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी रेल्वेनं धाडायचा. माहेरचा वानोळा. गोणी उधना स्टेशनात उतरायची, रिक्षातून घरी यायची आणि जिन्याखालच्या पत्र्याच्या कोठीत रिकामी व्हायची. मग रोज सकाळी सातच्या सुमारास कलाबाई स्टीलचा डबा भरून चौकातल्या, पक्ष्यांना दाणे टाकायच्या चबुतऱ्याकडे निघायच्या.

"मासी, तुमचं पुण्य मोठं," शेजारच्या गुजराती बायका म्हणायच्या.

पुण्य होतंच. पण खरं कारण असं, की घरात ती ज्वारी खाणारं कुणी नव्हतं, आणि भावानं प्रेमानं पाठवलेलं धान्य विकणं किंवा नको म्हणणं कलाबाईंना जमणारं नव्हतं.

खाणारं कुणी नसावं, हेही त्यांनीच ठरवलेलं. बाहत्तरच्या दुष्काळात त्या दहा वर्षांच्या होत्या. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरताना अडायची. गव्हाची पोळी त्या वर्षी त्यांनी एकदाच खाल्ली, तीही दुसऱ्याच्या घरच्या श्राद्धाला. पुढे लग्न होऊन त्या किसनबरोबर सुरतेला आल्या. किसन लिंबायतच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात बारा-बारा तासांची पाळी करायचा. दोन गरोदरपणं वाया गेली आणि तिसऱ्या खेपेला ललित झाला. तेव्हा कलाबाईंनी मनाशी गाठ बांधली, की या पोराच्या ताटात भाकरी येणार नाही.

ते त्यांनी पाळलं. बाटलीच्या दुधात साखर, मग दुधात बिस्कीट, मग चहात खारी. शिळं नाही, आंबलेलं नाही, कोंड्याचं नाही. कणीक त्या दोनदा चाळायच्या आणि कोंडा गायीला घालायच्या. शाळेच्या डब्यात तूपसाखरेची पोळी, रविवारी शेव घातलेला हरभऱ्याच्या डाळीचा लोचो. पोराला ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरला सांगायचं, "जोराची गोळी द्या, उद्या शाळा आहे." वर्षाकाठी पाच-सहा वेळा तरी अशी जोराची गोळी व्हायची.

पोर अंगानं भरत गेलं. "छोकरो ताजो छे," असं शेजारणी म्हणत आणि गाल ओढत. लूमवरच्या माणसांच्या बरगड्या मोजता याव्यात असे दिवस ते. त्यांच्यात किसनचा मुलगा तेवढा गोलमटोल. सहा वर्षांचा असल्यापासून सगळे त्याला 'शेठ' म्हणू लागले. कलाबाईंना तो आपल्याला मिळालेला किताब वाटायचा.

चौतिसाव्या वर्षी शेठचं वजन एकशे अठरा किलो भरलं.

तोवर किसनला जाऊन आठ वर्षं झाली होती. ललित पर्वत पाटियाच्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यात संगणकावर डिझाइन पंच करायचा. दहा तास खुर्चीत, शेजारी चहाचा कप, पुड्यात भजी. बायको मनीषा शिरपूरकडची. मुलगी सोनाली सात वर्षांची, तीही बापाच्या वळणावर गेलेली. कलाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम करायच्या. कारखान्यात एकदा तपासणीचं शिबिर झालं आणि ललितच्या हातात कागद आला. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, यकृतावर चरबी. एका ट्रस्टच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "वर्षभरात पंधरा किलो उतरवा. गोळ्या एकट्या किती ओढणार?" मग त्यांनी त्याला आहार सांगणाऱ्या गायत्रीकडे पाठवलं. कलाबाई हट्टानं सोबत गेल्या होत्या.

गायत्रीचे आईवडील चाळीसगावचे, ती सुरतेतच जन्मलेली. मराठी बोलता बोलता मध्येच 'म्हणजे'ऐवजी 'एटले' म्हणायची.

"काय काय खाता?" तिनं ललितला विचारलं.

"मॅडम, तुम्ही नावं घेत जा. मी नाही म्हणणार नाही."

तिनं नावं घेतली. त्यानं एकालाही नाही म्हटलं नाही. मग तिनं वही मिटली आणि कलाबाईंकडे वळली. "मावशी, तुम्ही घरी दही लावता?"

"रोज."

"आपल्या आतड्यात तसंच विरजण असतं. एटले, जिवाणू. शेकडो जातींचे. आपल्याला जे पचत नाही, कोंडा, डाळीचं साल, भाजीचा चोथा, ते त्यांचं जेवण. ते खाऊन ते आतड्याचं अस्तर धड ठेवतात, पोट भरलं हे शरीराला कळायला मदत करतात. मैदा आणि साखर वरच्या वरच शोषली जाते. खाली त्यांच्यापर्यंत काही पोचतच नाही. विरजणाला दूध मिळालं नाही तर काय होतं?"

"मरतं."

"काही जाती मरतात. ज्या उरतात त्या आतड्याचा आतला थर कुरतडायला लागतात. लहानपणी वरचेवर अँटिबायोटिकच्या जोराच्या गोळ्या झाल्या असतील तर आणखी नुकसान." ती पुढे म्हणाली, "सगळा लठ्ठपणा यानंच येतो असं मी म्हणत नाही. बसून काम, झोप, घराण्याचा वारसा, सगळं त्यात असतं. पण हे एक आपल्या हातातलं आहे."

कलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "विरजण मेलं तर आम्ही शेजारून वाटीभर आणतो. माझ्या पोटातलं याला देता येईल का? मी लहानपणी भाकरीवरच वाढले."

"माय! काय पण!" ललित इतका हसला की खुर्ची करकरली.

गायत्री हसली नाही. "बरोबर विचारलंत तुम्ही. एका वेगळ्या आजारात मोठ्या दवाखान्यांत तसं करतातही. पण वजनासाठी त्याचा भरवसा अजून कुणी देत नाही. आणि मावशी, तुम्ही स्वतः हल्ली काय खाता?"

"हे खातात तेच."

"किती वर्षं?"

"पस्तीस झाली असतील."

"मग तुमचंही आता पहिलं राहिलं नसेल." तिनं पेन उचललं. "घरात ज्वारी येते का?"

उत्तर ललितनं दिलं. "येते ना, गोणीभर. कबुतरं खातात. तुम्ही आमच्या चौकातली कबुतरं बघा मॅडम, एकही जाड नाही."

परतताना बसमध्ये कलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. ललितला वाटलं, माय ऊन खातेय. त्या बावीस फाल्गुन मोजत होत्या.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी कोठीतली दादर दळून आणली. हात विसरले होते. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर चिरली, तिसरी फुगली. चौथी चांगली झाली तेव्हा त्यांनी ती ललितच्या ताटात घातली आणि त्यावर उडदाची डाळ, चवळी, लसणाची चटणी असं सगळं वाढलं. चुकलेली वर्षं एका जेवणात भरून काढायची असल्यासारखं. ललितनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं आणि त्याला कामावर जाता आलं नाही.

"मावशी," गायत्री फोनवर म्हणाली, "कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाला कुणी पहिल्याच दिवशी पंगतीत बसवतं का? अर्ध्या भाकरीनं सुरुवात करा. पोट सवय करून घेईल."

मग अर्धी भाकरी. दोन आठवड्यांनी एक. हळूहळू मोडाची मटकी, सालाची मुगाची डाळ, पालेभाज्या. ज्वारीत उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी आंबील शिजवायची. जे आंबलेलं पोराच्या तोंडाला लागू दिलं नव्हतं, ते कलाबाई आता वास घेऊन, नीट आंबलं की नाही हे पाहून त्याला पाजत होत्या. कबुतरांसाठी त्यांनी वाण्याकडून हलकी जुवार आणायला सुरुवात केली.

"काय वं माय," ललित ताटावर बसताना म्हणायचा, "घरात बाहत्तरचा दुष्काळ पाडला का?"

"खा मुकाट्यानं."

तो खायचा. बापाच्या भाकरीवर सोनालीचा हक्क एवढाच, की वरचा पातळ पापुद्रा तिचा. "सोनू, तुझा कागद घे," असं त्यानं म्हटलं की ती धावत यायची, पापुद्रा सोलायची आणि नुसता कुरकुरत खायची. काही दिवसांनी तिला कागदाखालची भाकरीही चालू लागली. संध्याकाळी बापलेक चौकापर्यंत चालत जाऊन यायची. हे गायत्रीनं लिहून दिलेलंच होतं, पण सोनालीला ते फिरायला जाणं वाटायचं.

भजी बंद झाली नाहीत. ती आठवड्यातून एकदा उरली, आणि त्या दिवशी ललित घरी येऊन खरं सांगायचा. अकरा महिन्यांत काटा एकशे पाचवर आला. डॉक्टरांनी साखरेची गोळी अर्धी केली. पट्ट्याला टोच्यानं दोन नवी भोकं पाडावी लागली. शेजारच्या संगणकावर बसणारा महेश म्हणाला, "शेठ, आता तुम्हाला मुनीम म्हणायची वेळ आली."

माणसं मात्र दुसरंच बघत होती. नवागामला एका लग्नात मनीषाची मावशी धुरपदाबाई भेटली. तिनं ललितला खालून वर न्याहाळलं आणि मनीषाला बाजूला घेतलं. "जावयाची रया गेली गं. काही दुखणं लपवता का?" त्या मांडवात आणखी चौघांनी तेच विचारलं. मनीषा घरी येऊन म्हणाली, "आई, आता पुरे करू या का? चेहरा उतरलाय त्यांचा."

"अजून दोन किलो," कलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी पंधरा सांगितलेत."

पौषातल्या एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला ललित खुर्चीतून उठला आणि महेशला म्हणाला, "जरा हवा खाऊन येतो." दारापर्यंत गेला आणि चौकटीला धरून खाली बसला. महेशनं त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी कागदपत्रं पाहिली आणि कलाबाईंना व महेशला सांगितलं, की हृदयाच्या नसा बऱ्याच वर्षांपासून तुंबत आल्या असणार. "हे एका वर्षाचं नाही. वर्षभरात त्यांनी खूप केलं. उशीर झाला होता." मनीषा तेव्हा बाहेरच्या बाकावर बसली होती. तिनं हे ऐकलं नाही.

सुतकात घर माणसांनी भरलं. धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती अहिराणीत बोलली. तिनं आवाज मुद्दाम खाली घेतला नव्हता आणि मुद्दाम चढवलाही नव्हता.

"चांगला भरेल गडी व्हता. भाकरीवर ठेवा, आंबील पाजी, रगत आटाडी टाकं. कबुतरस्नं खानं मानूसले घालतस का कोनी?"

महेश दाराशी होता. त्यानं कलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, राहू दे म्हणून. त्या वेळी त्यांना वाटलं, मेल्या माणसाच्या घरात वाद नको. मनीषा मान खाली घालून बसली होती. तिनं मावशीला गप्प केलं नाही, हे कलाबाईंनी पाहिलं.

तेरावं झालं, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईंनी सोनालीसाठी लहान भाकरी तव्यावर टाकली. मनीषानं गॅस बंद केला. पोरीसमोर बशी ठेवली, चहा आणि दोन खारी.

"आई, माझ्या पोरीला वाळवू नका," ती म्हणाली.

सोनालीचं वजन छत्तीस किलो होतं. तिच्या वर्गातली मुलं पंचवीसच्या आसपास होती. शाळेत तिला 'शेठाणी' म्हणू लागले होते.

कलाबाई एकट्याच गायत्रीकडे गेल्या. इतर माणसं होती म्हणून तासभर बाहेर थांबल्या. आत गेल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "भाकरीनं गेला का?"

"नाही, मावशी."

"मग कशानं?"

"साखर होती, रक्तदाब होता, बैठं काम होतं. तुमच्या घरात यजमानांनाही हाच त्रास..."

"मी तीस वर्षं जे घातलं, त्यानं?"

खोटं बोलायचा गायत्रीचा स्वभाव नव्हता. "एकट्या त्यानं नाही," ती म्हणाली. "पण त्यानंही. तुम्हाला तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं."

"हं."

"सूनबाईंना घेऊन या. मी समजावते. पोरगी लहान आहे, तिचं विरजण अजून सावरतं. आत्ता आवरलं तर सोपं जाईल."

मनीषा गेली नाही. "ज्यांनी हे सगळं सांगितलं त्यांच्याकडे मी परत कशाला जाऊ?" एवढंच म्हणाली. मग हे सांगायचं काम कलाबाईंवरच आलं. ते टाळत त्यांनी महिना काढला. कारण सोपं होतं. भाकरीचा आरोप खोटा आहे हे सांगायचं, तर खरा कुठला तेही सांगावं लागणार होतं. पहिला आरोप नातलगांनी लावला होता. दुसऱ्याची खबर घरात त्यांच्याशिवाय कुणाला नव्हती. गप्प राहिलं तर आई म्हणून त्या पोराला जिवापाड जपणारीच राहणार होत्या, फक्त शेवटी चुकलेली.

आणि रोज सकाळी सोनाली खारी चहात बुडवत होती.

मनीषाही आता घरबसल्या टिकल्यांचं काम करू लागली होती. दुपारी दोघी एका साडीची दोन टोकं मांडीवर घेऊन बसायच्या. एका दुपारी कलाबाईंनी वर न बघता सुरुवात केली.

"मनीषा, तो भाकरीनं गेला नाही."

"मग?"

"मी आधी जे खाऊ घातलं त्यानं. दुधात साखर, खारी, चाळलेली कणीक, वर त्या गोळ्या. तो झाला तेव्हाच ठरवलं होतं मी, भाकरी द्यायची नाही. डॉक्टर बोलले, नसा फार वर्षांच्या तुंबलेल्या होत्या. महेशही होता तिथं, विचार त्याला. भाकरीनं उलट बरं वाटत होतं त्याला. सोनूचंही तेच चाललंय बघ, जे मी त्याचं केलं."

मनीषानं सुईच्या टोकानं एक टिकली उचलली, डिंकाच्या थेंबावर ठेवली, बोटानं दाबली. मग दुसरी. मग तिसरी.

"म्हणजे दोन्ही वेळा तुम्हीच," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसा तो होता. "आता तिसऱ्यांदा नको, आई. तिचं मी बघेन."

साडी त्या दोघींनी संध्याकाळपर्यंत पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी माणूस न्यायला येणार होता.

फाल्गुनात बन्सीलालचा फोन आला. भाचा गेल्यापासून तो ताईशी जपून बोलायचा. तब्येत विचारली, पोरीचं विचारलं, मग अडखळत म्हणाला, "ताई, दादर निंघनी औंदा. चांगली शे. धाडू का?"

कलाबाईंनी फोन कानापासून बाजूला धरला आणि मनीषाकडे पाहिलं. मनीषा सोनालीची वेणी घालत होती. तिनं कंगवा थांबवला नाही.

"मागवा," ती म्हणाली. "कबुतरांपुरती."

"धाड, भाऊ," कलाबाई फोनवर म्हणाल्या. "थोडीच धाड."

गोणी आली. अर्धीच होती, तरी बन्सीलालनं ती नेहमीसारखीच पाखडून, खडे वेचून भरली होती. कलाबाई पुन्हा सकाळी सातला डबा घेऊन निघू लागल्या. त्यातली मूठभर त्या स्वतःसाठी दळून आणतात आणि दुपारी एकच भाकरी करून खातात. पापुद्रा तसाच राहतो.

रविवारी शाळा नसते. त्या दिवशी सोनाली आजीबरोबर चबुतऱ्याकडे येते, बापाबरोबर चालायची त्याच रस्त्यानं. चौकापर्यंत जाताना तिला दोनदा थांबावं लागतं. गेल्या रविवारी तिनं डब्यात हात घातला, मूठ कबुतरांकडे फेकली आणि हाताला चिकटलेले चार दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिली.

"आजी, हे गोड लागतं."

कलाबाई तिला खा म्हणाल्या नाहीत, थुंकही म्हणाल्या नाहीत. त्यांनी डबा तिच्या हाताच्या उंचीवर धरला, आणि मनीषा येत नाही ना, म्हणून घराच्या रस्त्याकडे एकदा वळून पाहिलं.